सीटी स्कॅनआधीची पाणीबंदी आणि मूत्रपिंडाची काळजी

माननीय संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार, वि. वि.

मुंबईतल्या एका सार्वजनिक रुग्णालयाच्या क्ष-किरण विभागात 34 वर्षे तंत्रज्ञ म्हणून नोकरी करून मी 2018 साली निवृत्त झालो. तेव्हापासून लालबागच्या आमच्या चाळीतले आणि आसपासचे लोक, डॉक्टरांनी सीटी, एमआरआय किंवा अँजिओग्राफी सांगितली की कागद घेऊन माझ्याकडे येतात. बहुतेकांचा पहिला प्रश्न एकच असतो, "डाय घालून स्कॅन सांगितलाय, किडनीला काही होणार नाही ना?" हा प्रश्न रास्त आहे. मात्र जिथे सुई टोचली जाते तिथे त्याचे नीट उत्तर मिळत नाही. त्यामुळे काही जण विनाकारण घाबरून आवश्यक तपासणी टाळतात, तर ज्यांनी खरोखर जपायला हवे अशा काहींना कोणी दोन प्रश्नही विचारत नाही. गेल्या वर्षभरात हे दोन्ही प्रकार मी घरात आणि शेजारी पाहिले, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

माझी थोरली बहीण डोंबिवलीला राहते. वय 72, वीस वर्षांपासून मधुमेह, गुडघेदुखीसाठी डायक्लोफेनॅकची गोळी अधूनमधून चालू. गेल्या मे महिन्यात तिच्या पोटात सतत दुखू लागले आणि डॉक्टरांनी कॉन्ट्रास्ट, म्हणजेच लोक ज्याला डाय म्हणतात ते इंजेक्शन, देऊन पोटाचा सीटी स्कॅन करायला सांगितले. मध्य मुंबईतल्या एका खासगी केंद्रातून फोनवर सूचना मिळाली की रात्री दहानंतर काही खायचे नाही, पाणीसुद्धा प्यायचे नाही. वेळ सकाळी अकराची होती, नंबर लागला दुपारी अडीच वाजता. आधीचे दोन दिवस तिला जुलाब झाले होते, हे तिला कोणी विचारले नाही आणि ते सांगावे असे तिलाही वाटले नाही. क्रिएटिनिनचा, म्हणजे किडनीचे काम घटले की रक्तात वाढणाऱ्या द्रव्याचा, रिपोर्ट तीन महिन्यांपूर्वीचा होता, त्यावर 1.3 हा आकडा. खिडकीवरच्या कर्मचाऱ्याने तो पाहून "ठीक आहे, जवळपास नॉर्मल आहे" असे म्हटले आणि दोन पानी इंग्रजी संमतीपत्र पुढे सरकवले. मी पोहोचलो तेव्हा स्कॅन होऊन ताई बाहेरच्या बाकावर बसली होती. तिच्या पिशवीत घरून भरून आणलेली स्टीलची बाटली होती. मी ती उचलली तर काठोकाठ भरलेली. सोळा तासांहून अधिक काळ त्या बाईच्या पोटात पाण्याचा थेंब गेला नव्हता, आणि बाहेर मे महिन्याचे ऊन.

तिसऱ्या दिवशी तिला लघवी कमी होऊ लागली. क्रिएटिनिन 2.4 निघाले. चार दिवस दवाखान्यात राहावे लागले, सलाइन लागले, डायक्लोफेनॅक बंद झाली. पंधरा दिवसांनी आकडा पुन्हा 1.3 वर आला, डायलिसिसची वेळ आली नाही.

ताईची किडनी डायमुळे बिघडली, असे मी छातीठोकपणे म्हणणार नाही. जुलाब, वेदनाशामक गोळी, तहान आणि त्यावर ते इंजेक्शन, यांतल्या कोणाचा वाटा किती हे कोणालाच वेगळे काढून दाखवता येणार नाही. आजकाल वैद्यकातही म्हणूनच दोन वेगळे शब्द वापरतात. कॉन्ट्रास्टनंतर दोन दिवसांत किडनीचे काम घटले, कारण काहीही असो, तर ती कॉन्ट्रास्टशी निगडित इजा. कॉन्ट्रास्टमुळेच घटले असे दाखवता आले तर ती कॉन्ट्रास्टजन्य इजा. दुसरा प्रकार पहिल्याहून बराच दुर्मीळ आहे. पण एवढे मात्र मी खात्रीने म्हणेन की ताईच्या बाबतीत जे टाळता येण्यासारखे होते, ते सगळे त्या दिवशी होऊ दिले गेले.

डाय म्हणतात म्हणून लोकांना तो रंग वाटतो. प्रत्यक्षात तो पाण्यासारखा स्वच्छ, पण घट्ट द्राव असतो. हातमोज्यावर थेंब सांडून वाळला तर साखरेच्या पाकासारखा चिकटतो. म्हणूनच इंजेक्टरमध्ये भरण्याआधी आम्ही बाटली शरीराच्या तापमानाइतकी कोमट करून घेत असू. त्यात आयोडीन असते आणि आयोडीन क्ष-किरण अडवते, म्हणून रक्तवाहिन्या आणि अवयव चित्रात उठून दिसतात. शरीरात त्याचे काही पचन होत नाही, तो जसाच्या तसा किडनीतून गाळला जातो आणि किडनी निरोगी असेल तर एका दिवसात जवळजवळ सगळा लघवीवाटे निघून जातो. गाळल्यानंतर किडनीच्या सूक्ष्म नलिकांत पाणी परत शोषले जाते, कॉन्ट्रास्ट मात्र शोषला जात नाही, त्यामुळे तिथे तो अधिकच दाट होतो. किडनीचा आतला भाग मुळातच कमी प्राणवायूवर चालणारा असतो. कॉन्ट्रास्टमुळे तिथल्या बारीक रक्तवाहिन्या काही काळ आकसतात आणि नलिकांच्या पेशींवरही थेट ताण येतो. अंगात पाणी पुरेसे असेल तर द्राव पुढे वाहून जातो. शरीर कोरडे पडलेले असेल तर तो रेंगाळतो.

आता त्या पाणीबंदीविषयी. शिरेतून आयोडीनचे द्रव्य देऊन मूत्रमार्गाचे चित्र घेण्याची पद्धत 1929 साली बर्लिनमध्ये मोझेस स्विक या तरुण अमेरिकन डॉक्टरांच्या कामातून रुजली. तीच पुढे आयव्हीपी म्हणून घरोघरी माहीत झाली. त्या काळी लघवी दाट असली तर चित्र ठळक येते म्हणून रुग्णाला मुद्दाम तहानलेले ठेवत. मी 1984 मध्ये नोकरीला लागलो तेव्हा ही सूचना मी स्वतः शेकडो रुग्णांना दिली आहे, "रात्रीपासून पाणी नको, फोटो चांगला येतो." पुढे यंत्रे बदलली, औषधे बदलली, ते कारण राहिले नाही, पण सूचना मात्र एका कर्मचाऱ्याच्या तोंडून दुसऱ्याच्या तोंडी चालत राहिली, असे मला वाटते. उलटी होऊन ती श्वासनलिकेत जाईल ही भीतीही त्यामागे आहे. परंतु आताच्या नॉन-आयॉनिक, म्हणजे कमी तीव्रतेच्या नव्या, कॉन्ट्रास्टसाठी उपाशी राहण्याची शिफारस युरोपातल्या मूत्रमार्ग-रेडिओलॉजी संस्थेची मार्गदर्शक तत्त्वे करत नाहीत. पोटाच्या काही तपासण्यांसाठी किंवा गुंगी द्यायची असेल तर रिकामे पोट लागते, तो निर्णय रेडिओलॉजिस्टचा. पण विरार, बदलापूर, पनवेलहून लोकलने येणाऱ्या साठी-सत्तरीच्या माणसांना सरसकट कोरडे ठेवण्याला काही आधार नाही.

औषधे बदलली म्हणजे काय, तेही सांगतो. माझ्या सुरुवातीच्या वर्षांत वापरात असलेल्या आयॉनिक द्रावाची तीव्रता, ज्याला शास्त्रात ऑस्मोलॅलिटी म्हणतात, रक्ताच्या पाचपट किंवा त्याहूनही जास्त असे. रक्ताची सुमारे 290, तर त्या द्रावाची 1,500 च्या वर. स्वीडनच्या टॉर्स्टेन आल्मेन यांनी मांडलेल्या कल्पनेतून नॉन-आयॉनिक द्राव आले, आयोहेक्झॉल, आयोपामिडॉल वगैरे, ज्यांची तीव्रता साधारण 600 ते 850 असते. आयोडिक्झॅनॉल हा तर रक्ताच्या बरोबरीचा. नवे द्राव महाग होते. नव्वदीच्या दशकात नातेवाईक चिठ्ठी घेऊन औषधाच्या दुकानांत धावत आणि ज्यांना परवडत नसे त्यांना जुनाच द्राव घ्यावा लागे, हे मी पाहिले आहे. लोकांच्या मनात बसलेली डायची धास्ती बऱ्याच अंशी त्या काळातली आहे.

धास्तीचे दुसरे कारण जरा सूक्ष्म आहे. पूर्वी कॉन्ट्रास्ट दिल्यावर दोन-तीन दिवसांत क्रिएटिनिन 0.5 ने किंवा 25 टक्क्यांनी वाढले की दोष डायला दिला जाई. पण डाय न देता काय होते, हे फारसे कोणी पाहत नव्हते. 2008 साली न्यूयॉर्कच्या डॉक्टरांनी कॉन्ट्रास्ट अजिबात न मिळालेल्या 30 हजारांहून अधिक रुग्णांचे आकडे तपासले, तेव्हा निम्म्याहून अधिक जणांत क्रिएटिनिन 25 टक्के किंवा अधिक खाली-वर झालेले आढळले. रुग्णालयात दाखल माणसाचा ताप, रक्तदाब, औषधे, पाणी यांमुळे हा आकडा हलतोच. पुढे अशा रुग्णांची कॉन्ट्रास्ट घेतलेल्या तशाच रुग्णांशी तुलना होऊ लागली आणि 2020 साली अमेरिकन कॉलेज ऑफ रेडिओलॉजी आणि नॅशनल किडनी फाउंडेशन या दोन संस्थांनी एकत्र निवेदन काढून सांगितले की शिरेतून दिलेल्या कॉन्ट्रास्टचा धोका आजवर वाढवून सांगितला गेला. किडनीची गाळण्याची क्षमता, म्हणजे ईजीएफआर, 45 किंवा त्याहून अधिक असेल तर धोका जवळजवळ शून्य. 30 ते 44 असेल तर शून्य ते 2 टक्के. 30 च्या खाली मात्र तो शून्यापासून 17 टक्क्यांपर्यंत असू शकतो, आणि खरी काळजी तिथेच, किंवा ज्यांची किडनी आधीच अचानक बिघडलेली आहे त्यांच्यात. हे सारे शिरेतून दिलेल्या इंजेक्शनविषयी आहे. हृदयाच्या अँजिओग्राफीत कॉन्ट्रास्ट धमनीतून जातो, शिवाय ते रुग्ण मुळात अधिक आजारी असतात, त्यामुळे तिथे जपणूक अधिक.

ईजीएफआर हा शब्द आपल्याकडे रुग्णापर्यंत पोहोचलेलाच नाही, आणि माझ्या मते सगळ्या गोंधळाचे मूळ तिथे आहे. क्रिएटिनिन स्नायूंतून तयार होते. त्यामुळे 1.3 हाच आकडा तीस वर्षांच्या धडधाकट पुरुषाच्या रिपोर्टवर असेल तर 2021 च्या सीकेडी-ईपीआय सूत्राने त्याचा ईजीएफआर सुमारे 76 येतो, आणि माझ्या 72 वर्षांच्या बहिणीचा सुमारे 44. खिडकीवरच्या माणसाने "जवळपास नॉर्मल" म्हटलेली ती किडनी निम्म्याहून कमी ताकदीने चालली होती. वय, लिंग आणि क्रिएटिनिन या तीन गोष्टींवरून हा आकडा मोबाइलवर अर्ध्या मिनिटात निघतो, त्याला वेगळी तपासणी लागत नाही आणि जास्तीचा रुपयाही लागत नाही.

आता उलटी बाजू. आमच्या मजल्यावर बेस्टमधून निवृत्त झालेले एक चालक राहतात, वय 64. पावसाळ्यात त्यांची एक पोटरी सुजली आणि चार दिवसांनी धाप लागू लागली. फुफ्फुसात रक्ताची गुठळी गेली असावी, असा संशय घेऊन डॉक्टरांनी कॉन्ट्रास्टचा सीटी लिहून दिला. क्रिएटिनिन होते 1.4, म्हणजे ईजीएफआर 56 च्या आसपास. पण नात्यातल्या कोणीतरी "डाय घेतला की डायलिसिस लागते" असे ठासून सांगितले होते. मुलाने नकाराच्या कागदावर सही केली आणि साधा सीटी करून आणला. फुफ्फुसाच्या रक्तवाहिनीतली गुठळी पाहायची तर साध्या सीटीवर विसंबता येत नाही. रिपोर्टमध्ये विशेष काही आले नाही आणि घरात सुटकेचा श्वास टाकला गेला. दोन दिवसांनी ते जिना चढताना कोसळले. दुसऱ्या एका रुग्णालयात नेले, तिथल्या निवासी डॉक्टर मुलीने त्यांच्या मुलाला बाजूला घेऊन दहा मिनिटे मराठीत सगळे समजावले, कॉन्ट्रास्ट दिला गेला आणि दोन्ही फुफ्फुसांत गुठळ्या दिसल्या. रक्त पातळ करण्याचे औषध सुरू झाले. तिसऱ्या दिवशी क्रिएटिनिन 1.3 होते. ते आज बरे आहेत. मधले दोन दिवस आठवले की मला अजून कसेतरी होते, कारण त्या नकारपत्राच्या आधी त्यांनी मला विचारले असते तर, असे मनात येते.

पक्षाघात, गुठळी, महाधमनी फाटणे अशा प्रसंगी किडनीच्या रिपोर्टसाठी थांबूही नये, असे आज वैद्यकशास्त्र सांगते. एकच किडनी असलेल्यांनाही, तिचे काम चांगले असेल तर, केवळ त्या कारणाने कॉन्ट्रास्ट नाकारायचे कारण नाही. भावंडाला किडनी दिलेल्या दात्यांना ही भीती विशेष असते, म्हणून हे मुद्दाम लिहितो.

संरक्षणासाठी काय करावे याबद्दलही जुन्या सवयी सुटलेल्या नाहीत. पाण्यात विरघळणाऱ्या ॲसिटिलसिस्टीनच्या गोळ्या मी आजही लोकांच्या हातात पाहतो. 2018 साली प्रसिद्ध झालेल्या प्रिझर्व्ह या अभ्यासात अँजिओग्राफीच्या सुमारे 5 हजार रुग्णांत त्या गोळ्यांचा काही फायदा दिसला नाही, आणि सोडा बायकार्बचे सलाइन साध्या सलाइनपेक्षा सरस ठरले नाही. नेदरलँड्समधल्या 2017 च्या अमेसिंग अभ्यासात, ईजीएफआर 30 ते 59 असलेल्या 660 रुग्णांपैकी निम्म्यांना सलाइन दिले, निम्म्यांना दिले नाही. किडनीच्या बाबतीत फरक पडला नाही, मात्र सलाइन दिलेल्यांपैकी काहींना हृदयावर ताण येऊन त्रास झाला. म्हणजे सरसकट बाटली लावणेही निर्धोक नाही. ईजीएफआर 30 च्या खाली असेल तर सलाइनची योजना डॉक्टरांनी करावी. बाकीच्यांनी आपले रोजचे पाणी नेहमीसारखे प्यावे, जुलाब-उलट्या-ताप चालू असेल आणि तपासणी तातडीची नसेल तर ती चार दिवस पुढे ढकलावी, आणि डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन, निमेसुलाइड यांसारख्या वेदनाशामक गोळ्या चालू असतील तर आधी सांगाव्यात. ज्यांना हृदयाच्या किंवा किडनीच्या विकारामुळे पाणी मोजून प्यायला सांगितले आहे, त्यांनी मात्र आपल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते वाढवू नये.

मधुमेहाच्या मेटफॉर्मिनबद्दलही गैरसमज आहे. ती गोळी कॉन्ट्रास्टशी मिसळून विष तयार करत नाही. ती किडनीतूनच बाहेर पडते, म्हणून किडनी अचानक थांबली तर शरीरात साठून रक्तात आम्ल वाढू शकते, एवढाच संबंध. ईजीएफआर 30 च्या खाली असेल किंवा किडनी नुकतीच बिघडली असेल तर ती 48 तास थांबवतात आणि पुन्हा तपासून सुरू करतात. स्वतःच्या मनाने आठ-आठ दिवस गोळी बंद ठेवून साखर 400 वर नेलेली माणसे मी पाहिली आहेत.

एमआरआयला दिला जाणारा डाय वेगळा, त्यात आयोडीन नसून गॅडोलिनियम असते. तो नेहमीच्या मात्रेत किडनीला सहसा इजा करत नाही, परंतु किडनी आधीच निकामी असेल तर जुन्या प्रकारच्या काही गॅडोलिनियम द्रव्यांमुळे त्वचा आणि सांधे आखडवणारा, कधी जिवावर बेतणारा आजार होतो, हे 2006 साली लक्षात आले. आताची गॅडोब्युट्रॉल, गॅडोटेरेट ही द्रव्ये त्या दृष्टीने फार सुरक्षित आहेत. डायलिसिसवरच्या रुग्णाने कोणते द्रव्य देणार हे विचारून घ्यावे, एवढे पुरे.

संपादक महोदय, आपल्या दैनिकामार्फत माझे मागणे महापालिकेच्या आरोग्य खात्याकडे आणि शहरातल्या खासगी केंद्रांकडे आहे. संमतीपत्र मराठीत असावे आणि त्यावर सहीच्या जागेआधी रुग्णाला विचारायचे प्रश्न असावेत: किडनीचा आजार आहे का, गेल्या आठवड्यात जुलाब, उलट्या, ताप होता का, कोणत्या गोळ्या चालू आहेत, शेवटचे पाणी कधी प्यायलात. पावसाळ्यात तर तापाचा प्रश्न विसरताच कामा नये, कारण या शहरात लेप्टोच्या तापाने किडनीवर आघात झालेली माणसे दरवर्षी येतात. क्रिएटिनिन शेजारी ईजीएफआर छापणे प्रत्येक प्रयोगशाळेला बंधनकारक करावे. स्कॅनच्या अहवालात कॉन्ट्रास्टचे नाव आणि मात्रा लिहावी. बहुतेक ठिकाणी मात्रा लिहिलेली नसते, आणि पुढच्या डॉक्टरला अंदाजावर चालावे लागते. आणि फोनवर सूचना देणाऱ्या मुलामुलींना, पाणी केव्हा चालते आणि केव्हा नाही, हे एकदा रेडिओलॉजिस्टने स्वतः बसून सांगावे.

ताईचा पुन्हा सीटी ठरला आहे. या वेळी मी आधीच केंद्रात जाऊन तिथल्या रेडिओलॉजिस्टना भेटलो. त्यांनी ताजे क्रिएटिनिन मागवले, ईजीएफआर काढला, डायक्लोफेनॅक बंद असल्याची खात्री केली आणि मात्रा कमी ठेवता येईल असे सांगितले. पाण्याचे विचारले तर म्हणाले, "पिऊ द्या की, कोणी नको म्हटले?" सोमवारी सकाळी ताई डोंबिवलीहून निघेल तेव्हा तीच स्टीलची बाटली बरोबर असेल, आणि दादरला उतरेपर्यंत ती अर्धी झालेली असावी असे मी तिला बजावून ठेवले आहे.

कळावे, लोभ असावा, ही विनंती.

आपला नम्र,
एक निवृत्त क्ष-किरण तंत्रज्ञ,
लालबाग, मुंबई